निघण्याआधीची वीस मिनिटे

प्रश्न : मी २७ वर्षांची असून एका लहान रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या महिन्यात रात्रपाळीत असताना तीव्र न्यूमोनियाच्या एका रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठी मला रुग्णवाहिकेतून सोबत पाठवण्यात आले. रुग्ण व्हेंटिलेटरवर होते, १०० टक्के ऑक्सिजन चालू होता आणि रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअॅड्रिनलिन लावलेले होते. प्रवास अडीच तासांचा सांगितला होता. वाटेत वाहतूक अडल्यामुळे तीन तास वीस मिनिटे लागली. निम्म्या वाटेवर नॉरअॅड्रिनलिनची सिरिंज संपली. सायरनच्या आवाजात सिरिंज ढकलणाऱ्या पंपाचा अलार्म मला ऐकूच आला नाही आणि लक्षात आले तेव्हा वरचा रक्तदाब ६० वर उतरला होता. पोहोचायला अर्धा तास उरला असताना ऑक्सिजन संपला. गाडीत १० लिटरचे दोन सिलिंडर होते, पण दुसरा अर्धाच भरलेला निघाला. वाटेतल्या एका रुग्णालयातून सिलिंडर मिळेपर्यंत मी हाताने श्वास देण्याची बॅग दाबत राहिले. रुग्ण पोहोचले आणि वाचले. पण तेव्हापासून फोन वाजला की माझे हात थरथरतात. चूक माझी होती का? पुन्हा पाठवले तर मी काय करावे? वरिष्ठ म्हणतात, "इतका विचार करू नकोस, बॅग दाबत जायचे." नातेवाईक म्हणतात, "लवकर निघा." शिवाय सांगायला संकोच वाटतो, पण मागे बसले की मला गाडी लागते.

उत्तर :

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचे काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. सिलिंडरवरचा काटा न पाहता तुम्ही गाडीत बसलात, ही चूक होती आणि ती तुमची होती. परंतु अतिदक्षता विभागातला एक रुग्ण, तीन तासांचा रस्ता आणि ज्या गाडीत पूर्वी कधी पाऊल टाकले नाही ती गाडी हे सारे रात्री एकाच वेळी तुमच्या हाती सोपवून, काय काय तपासायचे ते कोणीही सांगितले नाही, ही त्याहून मोठी चूक होती आणि ती तुमची नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिली नाकारलीत तर काही शिकता येणार नाही, आणि दुसरी विसरलात तर हे थरथरणारे हात लवकर थांबणार नाहीत.

माझी अर्धी नोकरी अशा प्रवासांत गेली आहे. त्या अनुभवावरून इतके सांगते की रुग्ण हलवताना जे बिघडते ते दिसते रस्त्यावर, पण घडून गेलेले असते गाडी निघण्यापूर्वीच. तुमची सिरिंज निम्म्या वाटेवर संपली असे तुम्ही लिहिता. ती निम्म्या वाटेवर संपणार हे अतिदक्षता विभागातल्या खाटेपाशीच ठरलेले होते. ऑक्सिजनचेही तेच. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी रुग्णवाहिकेचे दार लागण्यापूर्वीच्या वेळावर खर्च करणार आहे.

ऑक्सिजनचा हिशेब एकदा बोटांवर बसला की आयुष्यभर विसरत नाही. सिलिंडरमध्ये किती लिटर पाणी मावेल तो आकडा घ्यायचा आणि त्याला काट्यावर दिसणाऱ्या बारमधल्या दाबाने गुणायचे. १० लिटरचा सिलिंडर १५० बारवर असेल तर त्यात साधारण १५०० लिटर वायू आहे. काटा ७० वर असेल तर ७०० लिटर. म्हणजे तुमच्या दोन सिलिंडरांत मिळून सुमारे २२०० लिटर होते. आता खर्च पाहा. रुग्ण मिनिटाला १२ लिटर श्वास घेत असेल, ऑक्सिजन १०० टक्के असेल आणि व्हेंटिलेटर स्वतःसाठी मिनिटाला एखादा लिटर वापरत असेल, तर मिनिटाला १३ लिटर लागतात. अडीच तासांसाठी, म्हणजे १५० मिनिटांसाठी, १९५० लिटर. कागदावर हे २२०० मध्ये बसते, आणि कदाचित म्हणूनच कोणाला शंका आली नसेल. परंतु १३ च्या हिशेबाने २२०० लिटर १६९ मिनिटे पुरतात आणि तुमचा प्रवास २०० मिनिटांचा झाला. उरलेली ३१ मिनिटे तुम्ही पत्रात लिहिली आहेत.

यासाठीच अपेक्षित खर्चाच्या दुप्पट साठा घेऊन निघायचा. तुमच्या बाबतीत ३९०० लिटर, म्हणजे तसे तीन भरलेले सिलिंडर, किंवा त्यांऐवजी एखादा मोठा. हिशेब नेहमी १०० टक्के ऑक्सिजन धरून करावा; निघताना ५० टक्क्यांवर असलेला रुग्ण वाटेत १०० वर जाऊ शकतो, आणि तो गेला की साठ्याचे गणित तिथेच कोसळते. व्हेंटिलेटर वायूच्या दाबावर चालणारा असेल तर त्याचा स्वतःचा खर्च पुष्कळ जास्त असतो, तो माहितीपत्रकात पाहून ठेवावा. नाकावाटे वेगाने ऑक्सिजन देणारे जे यंत्र असते, ते तर मिनिटाला ६० लिटरपर्यंत खाते. तोच १५०० लिटरचा सिलिंडर त्यावर २५ मिनिटांत रिकामा होतो. अशा यंत्रावर असलेल्या रुग्णाला लांब न्यायचे असेल, तर निघण्यापूर्वी श्वासनलिकेत नळी घालावी का, याचा विचार अतिदक्षता विभागातल्या उजेडात करावा. रस्त्याच्या कडेला, टॉर्च दातांत धरून करू नये.

सिलिंडर भरलेला असणे पुरेसे नाही, ही गोष्ट मी फार अवघड मार्गाने शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णाला घेऊन निघाले असताना पहिला सिलिंडर संपला, दुसरा पूर्ण भरलेला होता, आणि तो उघडण्याची चावी निघालो त्या रुग्णालयात भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली राहिली होती. भरलेल्या सिलिंडरशेजारी बसून मी चाळीस मिनिटे बॅग दाबली. त्या दिवसापासून चावी दोरीने सिलिंडरच्या मानेला बांधलेली दिसल्याशिवाय मी गाडीत चढत नाही. प्रत्येक सिलिंडर निघण्यापूर्वी एकदा उघडून, वायू येतो आहे हे कानाने ऐकून, पुन्हा बंद करून ठेवते.

तुमच्या वरिष्ठांच्या "बॅग दाबत जायचे" या वाक्याबद्दलही बोलायला हवे. स्वतःहून फुगणारी बॅग ही खरोखर मोठी गोष्ट आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र हाताने पिशव्या दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला होता. पण त्या पिशव्यांना वायूचा सतत पुरवठा लागे. पुढे १९५६ साली हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी डेन्मार्कमध्येच स्वतःहून फुगणारी बॅग आणली. सिलिंडर रिकामा झाला तरी ती खोलीतली हवा घेऊन फुगते, आणि त्या अर्ध्या तासात तुमच्या रुग्णाला तिनेच तारले. तुम्ही त्या वेळी गोंधळून यंत्राशी खेळत न बसता बॅग हातात घेतलीत, हे अगदी बरोबर केलेत. पण खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. ज्या फुप्फुसांना १०० टक्के लागत होता त्यांना २१ टक्क्यांवर आणणे हा नाइलाजाचा उपाय झाला. शिवाय हाताने दाबताना घाईत वेग वाढतो, दाब कधी जास्त तर कधी कमी पडतो, आणि श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसांत जो दाब राखायचा असतो तो, बॅगला त्याचा व्हॉल्व्ह नसेल तर, राहत नाही. बॅग प्रत्येक प्रवासात हाताशी हवीच. तीन तासांचा प्रवास तिच्या भरवशावर आखणे मात्र चूक आहे.

आता सिरिंज. नॉरअॅड्रिनलिन थांबले की त्याचा प्रभाव दोन-तीन मिनिटांतच ओसरू लागतो. त्यामुळे सिरिंज संपली आणि आपण रिकामी काढून नवी भरायला घेतली, तर औषध मोजून विरळ करेपर्यंत रक्तदाब पार खाली गेलेला असतो, आणि हलत्या गाडीत हे काम दुप्पट वेळ घेते. ५० मिलिलिटरची सिरिंज तासाला १६ मिलिलिटर वेगाने चालली असेल तर ती जेमतेम तीन तास पुरते, आणि निघताना ती अर्धी रिकामी असेल तर निम्म्या वाटेवर संपणारच. म्हणून निघताना नव्या, पूर्ण भरलेल्या सिरिंज लावायच्या, आणि प्रत्येक जीवनावश्यक औषधाची दुसरी सिरिंज भरून, नाव आणि प्रमाण लिहून तयार ठेवायची. शक्य असल्यास ती दुसऱ्या पंपावर चढवूनच ठेवावी. पंपांच्या बॅटऱ्या निदान आदल्या तासाभरापासून चार्जिंगला लावाव्यात. गाडीतला वीजपुरवठा चालतो असे चालक सांगत असेल, तर त्याचा शब्द मोडू नका. पण एखादे यंत्र लावून तो चालताना पाहा.

यानंतर रुग्णाच्या अंगाकडे वळा. श्वासनलिकेतली नळी दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते पाहून लिहून ठेवा आणि ती जागेवर धरणारी पट्टी किंवा दोरी ओलसर, सैल असेल तर बदला. शिरेतल्या दोन तरी सुया चालू असल्या पाहिजेत आणि त्यांतली एक पांघरूण न काढता हाताला लागेल अशा जागी हवी. जठरात नळी घालून पोट रिकामे करा. रक्तदाब औषधावर तगून असलेल्या रुग्णाला, वेळ असेल तर, आर्टेरियल लाइन, म्हणजे रक्तदाब सतत दाखवणारी धमनीतली बारीक नळी, घालून घ्यावी. दंडाला गुंडाळायचा पट्टा खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी चुकीचे आकडे दाखवतो आणि पुन्हा पुन्हा फुगत मॉनिटरची बॅटरीही संपवतो. छातीत हवा साचलेली असेल तर ती काढणारी नळी निघण्यापूर्वी घालावी, वाटेत ती बंद करू नये आणि तिची बाटली छातीच्या पातळीच्या खालीच ठेवावी. हे वाचायला सोपे वाटते. परंतु स्ट्रेचर उचलताना बाटली रुग्णाच्या पोटावर ठेवण्याची सवय किती ठिकाणी आहे, ते तुम्ही पाहिले असेलच.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित आणि, माझ्या मते, सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रवासातल्या व्हेंटिलेटरवर रुग्णाला खाटेवरच दहा-पंधरा मिनिटे ठेवून पाहणे. मोठ्या यंत्रावर स्थिर असलेला रुग्ण छोट्या यंत्रावर तसाच राहील याची खात्री नसते. त्या पंधरा मिनिटांत सॅचुरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, घसरले, तर ते सुधारायला तुमच्याजवळ भिंतीतला ऑक्सिजन, चांगला उजेड, सक्शन आणि चार माणसे असतात. शक्य असल्यास त्या यंत्रावर असतानाच एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी, करून घ्यावी. त्यावर रुग्ण टिकलाच नाही, तर आज न्यायचे की नाही हा प्रश्न पुन्हा विचारायला हवा, आणि तो विचारणे हे तुमचेच काम आहे. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना फुप्फुसांतला दाब क्षणभर जरी सुटला तरी तुमच्या रुग्णासारख्या माणसाला पुढचा अर्धा तास ते सोसावे लागते; म्हणून अनुभवी हात श्वासनलिकेतली नळी क्षणभर क्लॅम्पने दाबून धरतात आणि दुसरे यंत्र जोडल्याबरोबर सोडतात. आत तारेचे वेटोळे असलेल्या नळीवर हे करू नये, ती दबली की पुन्हा उघडत नाही.

नळी निसटण्याची भीती लोकांना रस्त्याची वाटते. प्रत्यक्षात तिचा घात होतो खाटेवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना. तेव्हा नळी धरणारा माणूस एकच असावा, त्याच्या तोंडून "एक, दोन, तीन" आल्याशिवाय कोणी रुग्णाला हात लावू नये, आणि प्रत्येक हालचालीनंतर छाती दोन्ही बाजूंनी उचलते का आणि कॅप्नोग्राफची लाट दिसते का, हे पाहिल्याशिवाय पुढे सरकू नये. श्वासाबरोबर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे हे छोटे यंत्र नळी घातलेल्या कोणत्याही रुग्णाच्या प्रवासात असायलाच हवे. लाट एकाएकी सपाट झाली तर मॉनिटर बिघडला असेल अशी समजूत करून घेऊ नका. नळी निघाली आहे असेच गृहीत धरा, आणि ती जागेवर असल्याचे सिद्ध होईपर्यंत ते गृहीतक सोडू नका. सॅचुरेशन अचानक घसरले तर चार गोष्टी याच क्रमाने आठवाव्यात : नळी सरकली का, नळी तुंबली का, छातीत हवा शिरली का, यंत्र बिघडले का. व्हेंटिलेटर काढून हाताने बॅग दाबली की त्यांतल्या दोन-तीन शंकांचे उत्तर तुमचा हातच तुम्हाला देतो.

गाडी निघाल्यावर कानांवर विसंबू नका. स्टेथोस्कोप जवळजवळ निरुपयोगी होतो, आणि अलार्म ऐकू येत नाही हे तर तुम्ही अनुभवले आहेच. सर्व पडदे तुमच्या जागेवरून मान न वळवता दिसतील असे लावून घ्या आणि दर पाच मिनिटांनी त्यांच्यावरून ठराविक क्रमाने नजर फिरवा : लाट, सॅचुरेशन, रक्तदाब, पंप, सिलिंडरचा काटा. काटा या यादीत असला पाहिजे. प्रत्येक गोष्ट बांधलेली हवी. मोकळा ठेवलेला मॉनिटर किंवा सिलिंडर जोराचा ब्रेक लागताच गाडीतल्या माणसांवर येऊन आदळतो. तुमचाही पट्टा बांधलेला हवा. पट्टा सोडून उभे राहून काही करावे लागणार असेल, तर चालकाला सांगून सुरक्षित जागी गाडी थांबवा. दोन मिनिटे थांबल्याने रुग्णाचे नुकसान होत नाही.

वेगाचे सांगायचे तर, सायरन वाजवत सुसाट जाण्याने वाचतात ती बहुधा मोजकी मिनिटे, आणि त्यांच्या बदल्यात अपघाताचा धोका वाढतो. स्ट्रेचरवरचा रुग्ण सामान्यतः डोके पुढच्या दिशेला करून झोपलेला असतो. गाडी झपकन वेग घेते तेव्हा रक्त पायांकडे सरते आणि ज्याच्या शरीरात आधीच रक्ताची किंवा पाण्याची कमतरता आहे त्याचा रक्तदाब पडतो. जोराचा ब्रेक लागतो तेव्हा रक्त डोक्याकडे धावते, आणि मेंदूवर सूज असलेल्या रुग्णाला ते मुळीच मानवत नाही. निघण्यापूर्वी चालकाशी मिनिटभर बोला, त्यांना नावाने हाक मारा आणि सांगा की आपल्याला एकसारख्या वेगाने, हादरे न देता जायचे आहे. मी आजवर भेटलेल्या बहुतेक चालकांना हे ऐकून बरेच वाटले आहे. मागून "लवकर, लवकर" ओरडणारे डॉक्टर त्यांना फार भेटतात.

मात्र "थांबा, नीट तयारी करू" हा सल्ला सर्व रुग्णांना सरसकट लावाल तर घात होईल. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या तयारीत अर्धा तास गेला तर त्यात तो कमावतोच. परंतु हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडून आलेल्या झटक्यात, रुग्ण वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचल्यापासून १२० मिनिटांच्या आत फुगा घालून वाहिनी उघडली जावी असे उद्दिष्ट असते. अशा रुग्णाने पहिल्या रुग्णालयात अर्ध्या तासाहून अधिक थांबू नये. कवटीच्या आत रक्ताची गुठळी होऊन शुद्ध हरपत चाललेला माणूस, मेंदूची मोठी वाहिनी बंद झालेला पक्षाघात, फाटत चाललेली महाधमनी, आणि ज्याचा रक्तस्राव फक्त शस्त्रक्रियागृहातच थांबू शकतो असा जखमी, यांच्यासाठी आर्टेरियल लाइन घालत बसणे हा अपराध आहे. श्वासमार्ग, श्वास, चालू शीर आणि बाहेरून दिसणारा रक्तस्राव एवढे सांभाळा आणि निघा, बाकीचे वाटेत. डोक्याला इजा झालेल्या रुग्णाचे डोके ३० अंश वर ठेवा, आणि त्याचा वरचा रक्तदाब ११० च्या खाली किंवा सॅचुरेशन ९० टक्क्यांच्या खाली क्षणभरही जाऊ देऊ नका. कोणत्या रुग्णाला घड्याळ मारते आणि कोणत्या रुग्णाला घाई मारते, हे ओळखणे हा या कामातला कठीण भाग आहे. त्यात शंका असेल तेव्हा पलीकडच्या तज्ज्ञाला फोन करून विचारण्यात कमीपणा नाही.

फोनचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या वरिष्ठांशी बोलण्याची एक रीत सुचवते. "मी जाणार नाही" असे म्हणू नका. त्यातून वाद होतो आणि वादात निवासी डॉक्टर हरतो. आकडे सांगा. "या रुग्णाला १३ लिटर लागतात, आपल्याकडे २२०० आहेत, रस्ता अडीच तासांचा आहे, मला आणखी एक सिलिंडर आणि वीस मिनिटे हवी आहेत." या वाक्यावर चिडणे अवघड असते. तेवढ्यानेही भागले नाही, तर ज्यांच्याकडे रुग्ण जाणार आहे त्या डॉक्टरांशी स्वतः बोलण्याची परवानगी मागा. ते तुमच्याच बाजूने बोलतील, कारण अर्धमेला रुग्ण स्वीकारायचा त्यांनाच आहे. खाट खरोखर राखून ठेवली आहे का, रुग्ण स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचे नाव काय आणि कोणत्या दाराने आत जायचे, हे तीन प्रश्न त्याच फोनवर विचारून घ्या. त्यांचे स्वतःचे पथक येऊन रुग्ण घेऊन जाऊ शकते का, हेही विचारा. चांगली यंत्रणा असलेल्या ठिकाणी ते येतात, आणि तासभर उशिरा आलेले अनुभवी पथक पुष्कळदा घाईने निघालेल्या एकट्या डॉक्टरपेक्षा बरे असते. ही कल्पना नवी नाही. १९६६ साली बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी हृदयरोग विभागच गाडीत चढवून रुग्णाच्या दारापर्यंत नेला होता, आणि त्या गाडीतला धक्का देणारा डिफिब्रिलेटर मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुमारे ७० किलो वजनाचा होता.

एकट्याने जाऊ नका. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासोबत चालकाखेरीज दोन प्रशिक्षित माणसे हवीत, आणि त्यांतल्या एकाला निघालेली नळी पुन्हा घालता आली पाहिजे. ते तुम्हाला आज जमत नसेल तर निघण्यापूर्वी सांगा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. भूल विभागात महिनाभर सकाळची ड्यूटी मागून घ्या आणि शिकून घ्या.

नातेवाइकांच्या "लवकर निघा" मागे भीती असते आणि त्या भीतीला माहिती दिली की ती बरीच निवळते. त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा : प्रवासातही हृदय बंद पडू शकते, आणि तसे झाले तर आपण गाडी थांबवून किंवा जवळच्या रुग्णालयाकडे वळवून काय करणार आहोत. चालत्या गाडीत उभे राहून छाती दाबणे नीट होत नाही आणि धोक्याचेही असते, म्हणून ही चर्चा आधीच झालेली बरी. त्यांच्या मोटारीने रुग्णवाहिकेच्या मागे मागे, तिच्याच वेगाने येऊ नये, असे बजावून सांगा. सायरन त्यांच्या गाडीला नसतो. आणि कधीकधी याहून अवघड प्रश्न विचारावा लागतो, की या रुग्णासाठी पलीकडे खरोखर काही निराळे होणार आहे का. "नेले नाही असे नंतर वाटू नये" म्हणून काढलेल्या प्रवासात एखाद्या माणसाचे शेवटचे तास गाडीच्या पत्र्याखाली जातात. असा संशय आला तर वरिष्ठांना बाजूला घेऊन बोला. निर्णय तुमचा नसला तरी प्रश्न विचारायला तुम्हाला कोणी अडवणार नाही.

पोहोचल्यावर रुग्णाला खाटेवर घेण्याची धांदल सुरू होण्यापूर्वी, सर्व जण ऐकत असताना, एका मिनिटात तोंडी माहिती द्या : रुग्ण कोण, काय झाले, काय केले, वाटेत काय बिघडले, आत्ता कोणते औषध किती वेगाने चालू आहे. वाटेत काय बिघडले हा भाग गाळण्याचा मोह होतो. तुमच्या रुग्णाचा रक्तदाब काही काळ ६० वर होता, ही गोष्ट पुढच्या दोन दिवसांत मूत्रपिंडे का रुसली हे समजायला त्यांना हवी असते. त्यानंतर कागद, एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि तुमची वेळांसहित नोंद द्या.

हात थरथरतात म्हणता, त्याबद्दल. त्या रात्रीचा प्रसंग कोणाला दोष न देता, वेळेनुसार, एका पानावर लिहून काढा आणि आपल्या विभागात दाखवा. सिलिंडरांची यादी रुग्णवाहिकेच्या दारावर लावावी, एवढी एक मागणी त्या पानाच्या शेवटी करा. पुढच्या दोन-तीन प्रवासांत, शक्य असेल तर, कोणा अनुभवी व्यक्तीबरोबर दुसऱ्या क्रमांकावर जा. तरीही महिनाभराने झोप लागत नसेल किंवा फोनच्या आवाजाने छाती धडधडत राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या कामातले बरेच जण भेटतात आणि सांगत नाहीत.

गाडी लागण्याबद्दल तुम्ही संकोचाने लिहिले आहे, पण ही तक्रार इतकी सर्रास आहे की मला हा प्रश्न पत्रात सर्वांत शेवटी पाहून हसू आले. आडव्या बाकावर बसून मान खाली घालून लिहिले की मळमळ वाढते. नोंदी मोबाइलवर बोलून ठेवा किंवा गाडी थांबेल तेव्हा लिहा, पुढची काच दिसेल अशी जागा मिळत असेल तर तीच घ्या, रिकाम्या पोटी निघू नका आणि पोट गच्च भरूनही नको. गोळी घ्यायची असेल तर गुंगी आणणारी नको. कोणती चालेल ते आधी घरी असताना, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा. खिशात पिशवी ठेवा.

आणि परतीचा प्रवास. रुग्ण उतरला की सगळ्यांचा ताण सुटतो, चालक रात्रभर जागा असतो आणि गाडी रिकामी असल्यामुळे वेग वाढतो. परतताना पुढे त्यांच्या शेजारी बसा, बोलत राहा, त्यांना झोप येत असेल तर गाडी कडेला लावून अर्धा तास झोपू द्या. रुग्णालयात पोहोचल्यावर झोपायला जाण्यापूर्वी वापरलेले सिलिंडर बदलून घ्या आणि चावी जागेवर आहे ते पाहा.